एक तिकीट, तीन विमानं: त्यातलं एक सोडलं तर?



आज आपण विमानाच्या तिकिटावर बोलणार आहोत. ‘आम्हाला कुठं विमानात बसायचंय, बाई’ असं म्हणून रेडिओ बंद करू नका. 27 एप्रिल 2017 ला केंद्राच्या ‘उडान’ योजनेतली पहिली विमानं सुटली, तेव्हा शिमला–दिल्ली आणि कडप्पा–हैदराबाद यांच्या जोडीला आपलं नांदेड–हैदराबाद विमान होतं. ते चालवणारी कंपनी पुढं बंद पडली, पण विमानाची वाट काही बंद झाली नाही. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या किती तरी घरांतली लेकरं आज हैदराबाद, पुणे, बंगळूर आणि तिथून पुढं परदेशात आहेत. लेकीचं बाळंतपण आलं की आईला बोलावणं येतं. कोणी उमराहला निघतं. बचत गटाच्या बाया प्रदर्शनाला दिल्लीला जातात. तिकीट पोरं काढून पाठवतात, किंवा आपण गटातून उचल घेऊन काढतो. प्रवास मात्र आपल्यालाच करायचा असतो.

गटांच्या बैठकीत आम्हाला एक प्रश्न हमखास ऐकू येतो: “तिकिटात दोन-तीन विमानं आहेत. त्यातलं एक सोडलं तर चालतं का? पैसे तर सगळ्याचे भरलेत.”

प्रश्न साधा वाटतो. उत्तर चुकलं तर विमानतळावरून परत यावं लागतं आणि तिकिटाचे पैसे बुडतात. म्हणून आज नीट समजून घेऊ.

आपल्याला सवय आहे एसटीची. नांदेडहून लातूरचं तिकीट काढलं आणि वाटेत काम निघालं म्हणून अहमदपूरला उतरलो, तर कंडक्टर अडवत नाही. 17 मार्च 2023 पासून आपल्याला अर्धं तिकीट आहे, त्यामुळं पैशाचंही फार वाटत नाही. पुढचा प्रवास आपण सोडून दिला, विषय संपला.

रेल्वेचं आरक्षण काढलं की थोडं बदलतं. तिकीट नांदेडहून आहे आणि आपण परभणीला चढणार असू, तर चढण्याचं स्टेशन आधी बदलून घ्यावं लागतं. नाही बदललं, तर नांदेडला आपण दिसलो नाही म्हणून टीटीई आपली जागा दुसऱ्याला देऊ शकतो. म्हणजे पैसे भरले तरी हजेरी लागते.

विमानात ही हजेरी फार कडक असते. एका तिकिटात हैदराबाद ते दिल्ली आणि दिल्ली ते परदेश अशी दोन विमानं असली, तर कंपनी ती दोन तिकिटं धरत नाही. ती एकाच प्रवासाचे दोन तुकडे धरते आणि ते लिहिलेल्या क्रमानंच वापरायचे असतात. पहिल्या तुकड्याला तुम्ही हजर नसलात तर संगणकात ‘नो-शो’ अशी नोंद होते, म्हणजे प्रवासी आला नाही. मग बहुतेक कंपन्यांच्या नियमाप्रमाणं पुढचे सगळे तुकडे आपोआप रद्द होतात. परतीचा प्रवास त्याच तिकिटात असेल तर तोही जातो.

आता आपल्याकडचीच उदाहरणं घेऊ.

समजा, मुखेडकडची एक मावशी लेकीच्या बाळंतपणाला परदेशी निघालीय. जावयानं तिकीट काढलंय हैदराबाद ते दिल्ली, दिल्लीहून पुढं परदेश. मावशीचा पुतण्या म्हणतो, “काकू, आपल्या नांदेडहून सचखंड एक्सप्रेस थेट दिल्लीला जाते. कशाला उलटं हैदराबादला जायचं? रेल्वेनं दिल्ली गाठू, मोठं विमान तिथून पकडू. एक विमान सोडल्यानं काय होतंय?” पुतण्याची माया खरी आहे, हिशोबही ऐकायला बरा वाटतो. पण मावशी दिल्लीच्या काउंटरवर उभी राहते तेव्हा संगणक सांगतो, हे तिकीट रद्द झालंय, कारण हैदराबादच्या विमानात तुम्ही बसला नाहीत. पैसे भरलेले, पासपोर्ट हातात, व्हिसा पासपोर्टावर, आणि विमानात जागा नाही. नवं तिकीट घ्यायचं तर त्या दिवसाच्या भावानं, तेही जागा असेल तर. तिकडं लेकीचे दिवस भरलेले.

हीच गोष्ट सरळ होऊ शकली असती. निघण्याच्या काही दिवस आधी कंपनीला सांगून तिकीट ‘दिल्लीपासून’ असं बदलून घ्यायचं. बदलाचे पैसे लागतील, भाड्यात फरक पडला तर तोही भरावा लागेल. कधी कधी गंमत अशी होते की छोटा प्रवास मोठ्या प्रवासापेक्षा महाग निघतो. तसं असेल तर मुकाट्यानं हैदराबादला जाऊन ठरल्याप्रमाणं बसावं. पण ते घरी बसून ठरवता येतं. दिल्लीच्या काउंटरवर ते ठरवायची वेळ येऊ नये.

दुसरं उदाहरण गटाचं. सहा जणी प्रदर्शनासाठी दिल्लीला निघाल्यात. हैदराबाद ते दिल्ली आणि परत, सहा जणींचं मिळून एकच तिकीट, एकच पीएनआर. ऐन वेळी एकीचं लेकरू तापानं फणफणलं. ती म्हणते, “तुम्ही व्हा पुढं. मी दोन दिवसांनी रेल्वेनं येते, परत येताना तुमच्यासंगं विमानात बसते.” इथंही तोच धोका आहे. जाताना ती बसली नाही, म्हणून तिची परतीची जागाही जाऊ शकते. काही स्वस्त कंपन्या जाणं आणि येणं वेगवेगळं धरतात, काही धरत नाहीत. अंदाजावर राहू नका. विमान सुटायच्या आधी कंपनीला फोन करून सांगायचं की या एका प्रवासिनीचं नाव आमच्या पीएनआरमधून वेगळं काढा, तिचं जाणं रद्द करा आणि येणं ठेवा. नाव असं वेगळं काढता येतं. मग बाकी पाच जणींच्या तिकिटाला धक्का लागत नाही आणि सहावीची परतीची जागा राहते की नाही ते आधीच कळतं.

तिसरं उदाहरण लातूरकडचं, आणि ते जरा वेगळं आहे. लातूरला विमान पकडायचं तर हैदराबाद, पुणे नाही तर मुंबई गाठावी लागते. समजा, औशाची एक अक्का परदेशातून परत येतेय. तिकीट आहे परदेश ते मुंबई आणि मुंबई ते हैदराबाद. मुंबईत भाऊ राहतो. अक्काच्या मनात येतं, इथंच उतरावं, भावाकडं चार दिवस राहावं आणि लातूरच्या रेल्वेनं घरी जावं. सोडायचा तुकडा शेवटचा आहे, त्याच्यापुढं काहीच नाही. म्हणजे पुढचं काही रद्द व्हायचा प्रश्न नाही. परदेशातून आलं की भारतात पहिल्यांदा जिथं उतरतो तिथंच पासपोर्टची तपासणी आणि कस्टम होतं. त्यामुळं बहुतेक वेळा आपल्या बॅगाही तिथंच ताब्यात घेऊन पुढच्या विमानासाठी पुन्हा द्याव्या लागतात. म्हणून अक्काला हे जमण्यासारखं आहे. तरी दोन गोष्टी कराव्यात. परदेशात सामान देतानाच विचारावं की बॅग मुंबईत माझ्या हाती येणार का. आणि मुंबईत कंपनीच्या माणसाला सांगावं की मी पुढच्या विमानात बसणार नाही. नाही तर ते नावाचा पुकारा करत बसतात.

थोडक्यात: पहिला तुकडा सोडला तर सगळं जातं. मधला सोडला तर त्याच्या पुढचं सगळं जातं. शेवटचा सोडला तर पुढं जायला काही उरलेलंच नसतं, पण सामान कुठं उतरणार हे बघावं लागतं.

या शेवटच्या तुकड्यावरून एक युक्ती निघालीय. आपल्याकडंही तिकीट काढून देणारे एखाद-दुसरे जण ती सुचवतात. तिच्याबद्दल सावध करायला हवं.

समजा, हैदराबाद ते दिल्ली थेट तिकीट 8 हजार रुपयांना आहे. त्याच दिवशी हैदराबाद–दिल्ली–चंदीगड असं तिकीट 6 हजारांना मिळतंय. आकडे आम्ही समजावण्यापुरते घेतलेत, पण असं खरंच घडतं. विमानाचं भाडं एसटीसारखं किलोमीटरवर ठरत नाही. कोणत्या गावाला गिऱ्हाईक किती, दुसऱ्या कंपन्या त्याच गावाला काय भावानं नेतात, यावर ते ठरतं. थेट जाणाऱ्याला घाई असते, तो जास्त देतो. वळसा घालून जाणाऱ्याला स्वस्त दिल्याशिवाय तो येत नाही. मग कोणी म्हणतं, “चंदीगडचं काढा आणि दिल्लीत उतरून जा. 2 हजार वाचतील.”

आता दिल्लीच्या प्रदर्शनाला निघालेल्या आपल्या बायांनी हे केलं तर काय होईल? पापड, लोणची, गोधड्या यांची खोकी विमानाच्या पोटात दिलेली. त्यांच्यावर चिठ्ठी चंदीगडची. बाया दिल्लीत, माल चंदीगडला. स्टॉल मांडायचा कशावर?

आणखी एक अडचण आहे. तुम्ही चंदीगडचं तिकीट घेतलंत म्हणजे कंपनीनं तुम्हाला चंदीगडला पोचवायचं कबूल केलंय, दिल्लीला नाही. दिल्लीत धुकं पडलं आणि कंपनीनं तुम्हाला मुंबईवरून चंदीगडला नेलं, तर तुम्ही भांडू शकत नाही. शिवाय जाण्या-येण्याचं एकच तिकीट असेल, तर चंदीगडचं विमान सोडल्याबरोबर परतीचा प्रवास रद्द होतो. 2 हजार वाचवायला गेलो आणि परतीचं पूर्ण भाडं अंगावर आलं. पासष्टीच्या आईला किंवा पहिल्यांदा विमानात बसणारीला असल्या युक्तीनं पाठवू नये.

असं मधेच उतरणं हा गुन्हा आहे का? नाही. पोलीस पकडत नाहीत. पण तिकीट घेताना कंपनीच्या अटी आपण मान्य केलेल्या असतात आणि त्यात हे बसत नाही. जर्मनीत तर हे भांडण न्यायालयात गेलं होतं. एक प्रवासी नॉर्वेतल्या ऑस्लोहून अमेरिकेतल्या सिएटलला जाऊन परत येताना फ्रँकफर्टला उतरला, शेवटचं ऑस्लोचं विमान त्यानं सोडलं आणि दुसऱ्या तिकिटावर बर्लिनला गेला. लुफ्तान्सा कंपनीनं भाड्याचा फरक म्हणून त्याच्याकडून 2 हजारांहून जास्त युरो मागितले. बर्लिनच्या न्यायालयानं डिसेंबर 2018 मध्ये कंपनीचा दावा फेटाळला. प्रवासी जिंकला खरा, पण त्यासाठी त्याला वकील लावून कोर्टाची पायरी चढावी लागली. आपल्याला ते परवडणारं आहे का, याचा विचार आपण करावा.

यात एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. एकच तिकीट असण्याचा जसा जाच आहे, तसा आधारही आहे. एकाच तिकिटात दोन विमानं असतील आणि पहिलं विमान कंपनीमुळं उशिरा पोचलं, दुसरं सुटलं, तर पुढं पोचवायची जबाबदारी कंपनीची असते. तिकिटं दोन वेगवेगळी असली की उलट होतं. पहिलं सोडलं तरी दुसऱ्याला काही होत नाही. पण पहिलं विमान उशिरा आलं म्हणून दुसरं चुकलं, तर दुसरी कंपनी म्हणते, तुम्ही वेळेवर आला नाहीत. नांदेडहून छोट्या विमानानं हैदराबादला जायचं आणि तिथून दुसऱ्या कंपनीचं मोठं विमान धरायचं असेल, तर बरेचदा तिकिटं अशी वेगवेगळी असतात. मग मधे भरपूर वेळ ठेवायचा, जमलं तर आदल्या दिवशीच पोचायचं.

म्हणून तिकीट हातात आलं की पहिली गोष्ट ही बघायची: तिकीट एक आहे का दोन? तिकिटाच्या कागदावर पीएनआर म्हणून 6 अक्षरं-आकडे असतात आणि 13 आकडी तिकीट क्रमांक असतो. सगळ्या विमानांना तोच पीएनआर आणि तोच तिकीट क्रमांक असेल तर ते एक तिकीट. वेगळे असतील तर वेगळी तिकिटं. ज्या ॲपवरून किंवा संकेतस्थळावरून तिकीट काढलं त्याचा बुकिंग नंबर निराळा असतो. त्यावर जाऊ नका, विमान कंपनीचा पीएनआर मागा.

तिकीट काढून देणाऱ्याला, मग तो पोरगा असो, जावई असो की बाजारपेठेतला एजंट असो, हे चार प्रश्न विचारायचे. वहीत लिहून घ्या.

एक, हे सगळं एकच तिकीट आहे का?
दोन, यातलं एक विमान चुकलं तर बाकीच्यांचं काय होतं?
तीन, माझं सामान मला कोणत्या गावाला परत मिळेल?
चार, बदल करायचा झाला तर किती पैसे लागतील आणि कोणाला फोन करायचा?

विचारायला लाजू नका. तिकीट त्यानं काढलं असलं तरी काउंटरवर तुम्ही उभ्या राहणार आहात.

आणि खरंच एखादं विमान सोडायची वेळ आली तर? पावसाळ्यात मन्याडला पूर येतो, रस्ता बंद होतो. घरात कोणी आजारी पडतं. अशा वेळी सगळ्यात महत्त्वाची आहे ती वेळ. पहिलं विमान सुटायच्या आधी फोन झाला पाहिजे. विमान सुटल्यावर ‘नो-शो’ लागतो आणि मग सांगणारा फार काही करू शकत नाही. फोन कंपनीलाच करा. एजंटला सांगून गप्प बसू नका. फोनवर असं म्हणायचं: “मी या विमानात बसू शकत नाही, पण माझी पुढची विमानं रद्द करू नका. त्यासाठी काय करावं लागेल?” तो ‘ठीक आहे’ म्हणाला तेवढ्यावर फोन ठेवू नका. बदललेलं तिकीट मोबाईलवर मागून घ्या. त्यावर पहिलं गाव बदललेलं दिसलं, तरच काम झालं असं समजा.

आता पैशाचं. विमान चुकलं म्हणून सगळेच पैसे गेले असं समजू नका. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, यांच्या नियमाप्रमाणं तिकीट रद्द केलं, वापरलं नाही किंवा प्रवासी आलाच नाही, तरी सरकारी कर आणि विमानतळाची शुल्कं कंपनीनं प्रवाशाला परत करायची असतात. सवलतीच्या तिकिटालाही हा नियम आहे. मूळ भाडं परत न मिळणारं असलं तरीही आहे. रद्द करण्याचं शुल्क मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त घेता येत नाही. तिकीट एजंटकडून घेतलं असलं तरी पैसे परत करण्याची जबाबदारी विमान कंपनीची आहे, कारण एजंट तिचाच प्रतिनिधी धरला जातो. हे पैसे मागितल्याशिवाय बरेचदा येत नाहीत, म्हणून लेखी मागायचे. दाद मिळाली नाही तर सरकारच्या ‘एअरसेवा’ ॲपवर किंवा संकेतस्थळावर तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे 1915.

गटातून उचल घेऊन तिकीट काढलं असेल, तर हे परत आलेले दोन-चार हजारही मोलाचे असतात. तिकीट वाया गेलं तरी हप्ता थांबत नाही, हे आपल्याला कोणी वेगळं सांगायला नको.

आमची सगळ्या गटांना एक विनंती आहे. तुमच्या गटातली कोणी विमानानं निघणार असेल, तर त्या महिन्याच्या बैठकीत तिचं तिकीट सगळ्यांपुढं ठेवा. गटाच्या लेखनिक ताईनं ते मोठ्यानं वाचावं: कोणत्या तारखेला, कोणत्या गावाहून कोणत्या गावाला, पीएनआर एक की दोन. कर्जाचा अर्ज आपण जसा दहा डोळ्यांनी तपासतो, तसंच हे तपासा. दहा मिनिटांचं काम आहे. पुढं तिला एकटीला काउंटरवर बोलायची वेळ आली, तर काय विचारायचं हे तिला ठाऊक असेल.

तुमच्या गावात कोणाला असा काही अनुभव आला असेल, चांगला किंवा वाईट, तर आम्हाला जरूर कळवा. पुढच्या वेळी पासपोर्टच्या अर्जावर बोलू.